मारबत, लाटणं आणि मिस फोन्सेका

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपूरच्या इतवारीत मुंगी शिरायला जागा नसते. एका अंगाने काळी मारबत निघते, दुसऱ्या अंगाने पिवळी. बांबूच्या कामट्या, कागद, कापड आणि रंग यांतून उभ्या केलेल्या या दोन अवाढव्य बायका नेहरू पुतळ्यापाशी समोरासमोर येतात तेव्हा गच्च्या, ओटे, दुकानांचे पत्रे, सगळं माणसांनी भरलेलं असतं. रोगराई, इडापिडा, जे जे वाईट ते घेऊन जा, असं त्यांना ओरडून बजावलं जातं. मग त्यांना मिरवत नेऊन जाळतात. काळीची प्रथा 1881 पासूनची आणि पिवळीची 1885 पासूनची, असं इथे सांगितलं जातं.

मारबतींच्या मागेपुढे बडगे असतात. हे नागपूरचं खास विनोदी खातं. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, रस्त्यावरच्या खड्ड्यांचा बडग्या, डेंग्यूचा बडग्या. 2025 च्या मिरवणुकीत अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प आयातशुल्काच्या निमित्ताने इतवारीत दाखल झाले होते. गळ्यात पाटी, पाटीवर चार खोचक ओळी, नाक-पोट-मिशा हव्या तेवढ्या फुगवलेल्या. वर्तमानपत्रातलं राजकीय व्यंगचित्र आणि बडग्या यांत फरक एवढाच, की बडग्याला चार माणसं खांद्यावर घेतात. वर्तमानपत्रांत व्यंगचित्रकाराची खुर्ची कायमची झाली त्याच्या कितीतरी आधीपासून नागपूरकर रस्त्यावर व्यंगचित्रं काढत आहेत.

या मिरवणुकीतली एक गोष्ट मात्र इतकी डोळ्यांसमोर आहे की ती दिसत नाही. बडग्या दरवर्षी नवा असतो. यंदाच्या पुढाऱ्याला पुढच्या वर्षी कुणी विचारत नाही. मारबत मात्र तीच. एकशे चाळीस वर्षं तोच रंग, तीच बाई, तोच शेवट.

काळी मारबत म्हणजे पूतना, असं काहीजण सांगतात. जास्त लोक सांगतात ती बाकाबाई. दुसऱ्या रघूजी भोसल्यांची ही राणी इंग्रजांना फितूर झाली, म्हणून तिचा पुतळा जाळायचा. इतिहासाची पानं उलटली की हा हिशेब तितका सरळ राहत नाही. इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार झाला मे 1816 मध्ये, आणि तो केला आप्पासाहेब भोसल्यांनी. पुढे नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर ते त्याच इंग्रजांविरुद्ध उभे राहिले, हरले, पदच्युत झाले आणि परागंदा अवस्थेत वारले. लढले, म्हणून लोकांनी त्यांना माफ केलं. ते योग्यच. मागे राहिलेली बाकाबाई अल्पवयीन तिसऱ्या रघूजीला सांभाळत वाड्याचा कारभार पाहत राहिली. खरी सत्ता होती रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सच्या हातात.

1853 च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने संस्थान खालसा केलं. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल विकायला काढले, जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात पाठवायचं ठरलं. वाड्यातलं सामान हलवायला माणसं आली तेव्हा ही म्हातारी आडवी आली. सामानाला हात लावलात तर वाडा पेटवून देईन, अशी धमकी तिने दिल्याचं इंग्रज इतिहासकार जॉन के याने नोंदवून ठेवलं आहे. सामान गेलंच. 1857 च्या उठावात मात्र तिने इंग्रजांची बाजू धरली, हेही खरं. म्हणजे एकाच बाईच्या आयुष्यात शरणागती आहे, हिकमत आहे, संताप आहे आणि पुन्हा शरणागती आहे. त्या काळातल्या बहुतेक संस्थानिकांची कुंडली याहून वेगळी नव्हती. त्यांच्यापैकी कुणाला दरवर्षी जाळत नाहीत.

पिवळीची गोष्ट वेगळी. तेली समाजाने सुरू केलेल्या या मारबतीची लोक पूजा करतात, तिच्याकडे संरक्षण मागतात. तरी जाळतात तिलाही. पुतळा चांगला असो की वाईट, त्यात माणूस शिल्लक ठेवायचा नाही, ही व्यंगचित्राची जुनी सवय आहे. मराठी व्यंगचित्राच्या सव्वाशे वर्षांत ही सवय पुरुषाच्या बाबतीत अधूनमधून मोडली गेली. बाईच्या बाबतीत ती फार कमी वेळा मोडली.

याला व्यंगचित्राच्या धंद्यातलं एक कारण आहे. व्यंगचित्राला वेळ नसतो. वाचक पान उलटता उलटता दोन-तीन क्षण थांबतो, तेवढ्यात कोण कुणाला काय म्हणतंय हे कळलं पाहिजे. म्हणून चित्रकार खुणांवर जगतो. टोपी आणि जाकीट म्हणजे पुढारी, झोळी आणि दाढी म्हणजे कवी, गळ्यात नळी म्हणजे डॉक्टर, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे म्हणजे कैदी. या सगळ्या खुणा कामाच्या आहेत. आता बाईच्या खुणा आठवून पाहाव्यात. हातात लाटणं असलं की बायको. नाकावर चष्मा आणि कपाळाला आठी असली की सासू. मुंडावळ्या असल्या की नवरी. पुरुष धंद्यावरून ओळखायचा आणि बाई नात्यावरून, असा हा अलिखित नियम. नात्याबाहेरची बाई दाखवायची झालीच तर ती स्टेनो, नर्स, नटी किंवा मोलकरीण, म्हणजे जिच्या डोक्यावर कुणीतरी साहेब किंवा मालकीण आहेच.

आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन घ्यावा. चौकड्यांचा कोट, धोतर, टकलाच्या कडेने उरलेले केस. मराठीत आपण त्याला सहज 'सामान्य माणूस' म्हणून टाकलं. त्याची बायको अधूनमधून चित्रात येते, पण ती त्याची बायको म्हणून. लक्ष्मण यांच्या तोडीच्या निरीक्षकाने आयुष्यभर रेशनची रांग, नळाची रांग, रॉकेलची रांग काढली. त्या रांगांत प्रत्यक्षात कोण उभं असायचं हे कुठल्याही घरातली आजी सांगेल. तरी देशाचा मुका साक्षीदार पुरुषच ठरला.

लाटण्याचा मामला तर आणखी मजेदार. लाटणं उगारलेली धिप्पाड बायको आणि टेबलाखाली लपलेला किरकोळ नवरा हे चित्र मराठी अंकांनी किती वेळा छापलं याची मोजदाद करण्यात अर्थ नाही. मार कोण कुणाला देतं याची घरोघरची वस्तुस्थिती नेमकी उलटी असताना हा विनोद इतका टिकला कसा? उत्तर बहुधा या उलटेपणातच आहे. मारणारी बायको दिसली की हसता येतं. मारणारा नवरा काढला असता तर हसता आलं नसतं, आणि अंक घेणारा, छापणारा, चित्र काढणारा हे तिघेही बहुतेक वेळा नवरेच होते. आज तोच विनोद सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर येतो. लाटणं जाऊन त्याच्या जागी बायकोच्या खरेदीचं बिल आलं, एवढाच काय तो काळाचा महिमा.

दिवाळी अंकांबद्दल बोलायचं तर घरचंच भांडण अंगणात आणावं लागतं. 1909 मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. पुढच्या काही दशकांत दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर सुंदर स्त्री असणं हे फराळात चकली असण्याइतकं ठरून गेलं. दीनानाथ दलालांच्या कुंचल्याने या मुखपृष्ठावरच्या स्त्रीला रूप दिलं. त्यांच्या 'दीपावली'ची वाट पाहणारा मोठा वाचकवर्ग होता. दलाल स्वतः कसलेले व्यंगचित्रकारही होते, पण लोकांच्या लक्षात राहिली ती त्यांची लावण्यवती.

मग आला 'आवाज'. मधुकर पाटकरांच्या या अंकाने खिडकीचित्र नावाचा प्रकार घरोघर पोहोचवला. पानाला एक खिडकी कापलेली असायची. खिडकीतून खालच्या पानावरच्या चित्राचा नेमका तेवढाच तुकडा दिसायचा, जो पाहून सभ्य वाचकाने इकडे तिकडे बघावं. पान उलटलं की निघायचं काहीतरी साधंसुधं. जी पाठ वाटली तो माठ, जे आलिंगन वाटलं ती बैलजोडी, अशी त्याची तऱ्हा. कितीतरी घरांत हा अंक आधी मोठ्यांच्या उशीखाली जायचा आणि मग मुलांना सापडायचा. ज्ञानेश सोनारांसारख्या अनेक चित्रकारांनी या खिडक्यांवर हात चालवला.

खिडकीचित्राला सरसकट अश्लील म्हणणं हा आळशीपणा होईल. त्यातली चलाखी खरी आहे. फजिती होते ती पाहणाऱ्याची. अंक त्याला म्हणतो, बघ, तुझ्याच डोक्यात काय होतं. ही थट्टा पुरुषी नजरेची आहे. पण थट्टा करायला गळाला लावलेलं आमिष मात्र दर वेळी बाईचं अंगच. नजरेवर हसायचं आणि त्याच नजरेला अंक विकायचा, असं ते दुहेरी गणित होतं आणि ते अनेक वर्षं चोख जमलं.

याच काळात, याच अंकांतून दुसरी वाटही चालू होती, हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. शंकरराव किर्लोस्कर म्हणजे शंवाकि हे संपादक होते, तसे व्यंगचित्रकारही होते. रूढी आणि भटभिक्षुकी यांच्यावर त्यांचा टाक चालायचा, आणि 1930 मध्ये त्यांनीच 'स्त्री' मासिक सुरू केलं. बाईवर हसण्याऐवजी बाईला जखडणाऱ्यांवर हसायचं, हा मराठी व्यंगचित्रातला धागा तिथून येतो. शि. द. फडणीसांनी तर एक वेगळीच बाई दिली. 'मोहिनी'च्या त्यांच्या गाजलेल्या मुखपृष्ठावर एक तरुण आणि एक तरुणी जवळजवळ उभे आहेत; एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची. शब्द एकही नाही. त्यात ती लाजत नाही, मार देत नाही, ओणवी होत नाही. विनोदात ती आणि तो बरोबरीचे भागीदार आहेत. फडणीसांच्या चित्रांतल्या बायका कामात असतात, गोंधळात असतात, कधी त्याच्याइतक्याच मूर्ख असतात. मूर्खपणाची समान संधी ही छोटी गोष्ट नाही.

गोव्याच्या मारिओ मिरांडांकडे मामला अधिक नाजूक होतो. लोटलीच्या या अवलियाने मुंबईची कचेरी, गोव्याचा बाजार आणि चर्चबाहेरची गर्दी अशी काढली की एकेका चित्रात पंचवीस माणसं आपापल्या गोष्टी घेऊन उभी असतात. त्या गर्दीतल्या गोव्याच्या म्हाताऱ्या, मासेवाल्या, छत्र्या घेतलेल्या मावश्या प्रत्येकी वेगळ्या आहेत. आणि त्याच हाताने काढलेली मिस फोन्सेका? ठिपक्यांचा घट्ट झगा घातलेली, साहेबाच्या कचेरीतली सेक्रेटरी. सिनेमातली मिस निंबूपानी तिची चुलतबहीण शोभावी. मिरांडांच्या रेघेत दुष्टावा नव्हता, हे त्यांचे चाहते सांगतात ते खरंच आहे. पण मुंबईच्या कचेऱ्यांत त्या काळी हजारो ख्रिश्चन मुली टंकलेखन आणि लघुलेखन शिकून घर चालवत होत्या. त्यांच्या वाट्याला छापील रूप आलं ते हे एकच.

राजकारणात बाईला चेहरा मिळाला तो इंदिरा गांधींमुळे. 1966 मध्ये त्या पंतप्रधान झाल्या आणि व्यंगचित्रकारांना पहिल्यांदा अशी बाई मिळाली जिला नात्याच्या खुणेवर भागवता येईना. लांब नाक आणि केसांतली पांढरी बट. बस. खुर्ची मिळाल्यावर बाई ओळखीची व्यक्ती झाली. खुर्ची नसलेल्या बायका मात्र राजकीय व्यंगचित्रात आजही रूपक म्हणून येतात: भारतमाता, लोकशाही, न्यायदेवता, जनता. आणि या रूपकांचं काय होतं, तर वस्त्रहरण. द्रौपदीची सभा हा आपल्या व्यंगचित्रकारांचा हुकमी पत्ता आहे. साडी ओढणाऱ्यांच्या अंगावर पक्षांची नावं, साडीवर 'लोकशाही', कोपऱ्यात खाली मान घातलेले भीष्म. चित्र बहुधा अन्यायाच्या विरोधातच असतं, पण अन्याय दाखवायला दर वेळी विवस्त्र होणारी बाईच का लागते, हा प्रश्न संपादकांच्या टेबलावर क्वचितच येतो.

दक्षिण आफ्रिकेत तो आला होता. झपिरो या नावाने चित्रं काढणाऱ्या जोनाथन शपिरोंनी सप्टेंबर 2008 मध्ये तिथल्या 'संडे टाइम्स'मध्ये पुढारी जेकब झुमांवर एक चित्र काढलं. झुमांचे साथीदार न्यायदेवतेला जमिनीवर दाबून धरताहेत आणि झुमा पट्टा सोडत उभे आहेत. झुमांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि 2012 मध्ये तो मागे घेतला. सत्तेला भिडणारं धाडसी चित्र म्हणून त्याचं कौतुक झालं. त्याचबरोबर, जिथे बलात्कार हे रोजचं वास्तव आहे तिथे बलात्काराला उपमा म्हणून वापरावं का, असा सवालही अनेक बायकांनी केला. त्याच देशात 1992 पासून 'मॅडम अँड ईव्ह' ही चित्रपट्टी चालू आहे: गोरी मालकीण आणि तिची काळी मोलकरीण ईव्ह सिसुलू. इथे मोलकरणीला आडनावासकट नाव आहे आणि बहुतेक डावात शेवटचा शब्द तिचाच असतो. मराठी व्यंगचित्रातल्या मोलकरणीला अजून आडनाव मिळायचं आहे.

आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकाला, कैरोत, 'अल-मस्री अल-यौम' या दैनिकात दुआ अल-अद्ल ही बाई राजकीय व्यंगचित्रं काढते. मुलींच्या सुंतेवरचं तिचं एक चित्र जगभर पाहिलं गेलं. शिडीवर चढलेला पुरुष कात्रीने फूल कापतोय, आणि फूल कुठे आहे ते पाहून वाचकाच्या अंगावर शहारा येतो. 2012 मध्ये आदम आणि हव्वावरच्या एका चित्रापायी तिच्यावर धर्माच्या अवमानाची तक्रार झाली. झांबियाच्या मलेंगा मुलेन्देमा यांची 'सुपा टीम 4' ही मालिका 2023 मध्ये नेटफ्लिक्सवर आली. लुसाका शहर वाचवणाऱ्या चार शाळकरी मुली हे तिचं कथानक. त्या मुली आधी नायिका आहेत आणि मग कुणाच्या तरी लेकी.

आपल्याकडची मुलं काय पाहतात? 'छोटा भीम'मधली चुटकी आणि तिची आई टुनटुन मावशी. मावशीचं लाडवांचं स्वतःचं दुकान आहे, म्हणजे ढोलकपूरमधली ती उद्योजिका. पण तिची ओळख लठ्ठपणाची आणि लाडू चोरीला गेल्यावरच्या आरडाओरड्याची. 1991 पासून 'सकाळ'मधून घरोघर गेलेला 'चिंटू' बराच समंजस. त्यातली मिनी पोरांच्या टोळीत बरोबरीने असते. मोठ्या बायका मात्र चिंटूची आई आणि जोशी काकू. पट्टी पोराच्या नजरेतून आहे, त्यामुळे तक्रार करणं थोडं खोडसाळपणाचं.

व्यंगचित्रात बाईला सगळ्यात खालची जागा कधी मिळते, तर पुरुषाला हिणवायचं असतं तेव्हा. उन्नमती श्यामसुंदर यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या त्या काळच्या व्यंगचित्रांचं 'नो लाफिंग मॅटर' हे संकलन 2019 मध्ये आणलं. व्यंगचित्रकार शंकर यांच्यासारखे नावाजलेले हातही त्यात आहेत. त्यातल्या काही चित्रांत बाबासाहेबांनाच बाईच्या वेषात काढलेलं आहे. ज्या माणसाने जुलै 1942 मध्ये नागपुरात दलित स्त्रियांच्या परिषदेत हजारो बायकांपुढे शिक्षणाबद्दल आणि लग्नाच्या घाईबद्दल बोलून दाखवलं, सुलोचनाबाई डोंगरे ज्या परिषदेच्या अध्यक्ष होत्या, आणि ज्याने पुढे हिंदू कोड बिलापायी मंत्रिपद सोडलं, त्याला लहान करायला चित्रकारांना साडी सापडली. ही युक्ती कागदावर थांबलेली नाही. आजही एखाद्या अधिकाऱ्याचा निषेध करायचा तर मोर्चा त्याच्या टेबलावर बांगड्या ठेवतो, आणि मोर्चात पुढे बायकाच असतात.

रेघ बाईच्या हातात गेली की काय होतं, याचे काही दाखले मुंबईत आहेत. 1980 च्या दशकात 'संडे ऑब्झर्व्हर'मध्ये मंजुळा पद्मनाभन यांची 'सुकी' आली. विस्कटलेल्या केसांची, नीटसं काही न जमणारी, स्वतःशी वाद घालणारी ही मुलगी कुणाची बायको नव्हती आणि सुंदर असण्याचीही तिला घाई नव्हती. ती नुसती सुकी होती, आणि एवढ्यावर काही वाचक वैतागायचे. पुढे कनिका मिश्रा यांच्या 'कर्णिका'ने आसारामवर चित्रं काढली, त्याबद्दल धमक्या झेलल्या, आणि 2014 मध्ये व्यंगचित्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने कनिका यांना धैर्याचा पुरस्कार दिला.

सगळ्यात अवघड पेच सोडवला रचिता तनेजा यांनी. त्यांच्या 'सॅनिटरी पॅनल्स'मध्ये माणसं काड्यांची असतात. डोक्याच्या जागी गोल, हातापायांच्या जागी रेघा. अंगच नाही, त्यामुळे अंगावर विनोद होत नाही. बाई ओळखायची ती केसांच्या दोन रेघांवरून आणि ती काय बोलते त्यावरून. या काड्यांवरून डिसेंबर 2020 मध्ये त्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या अवमानाची नोटीस निघाली.

मराठीत रेघ ओढणारी बाई अजून विरळाच. दिवाळी अंकाच्या अनुक्रमणिकेत शेवटी 'हास्यचित्रे' असा मथळा असतो आणि त्यापुढे नावांची रांग. त्या रांगेत बाईचं नाव सापडायला बोट बरंच खाली न्यावं लागतं, आणि बहुतेक अंकांत ते सापडत नाही. त्याच पानावर वर कथा-कवितांचा रकाना असतो. तिथे बायकांची नावं 'मनोरंजन'च्या काळापासून आहेत, आणि संपादक म्हणूनही आता ती कुणाला नवी वाटत नाहीत.